बॉल पाहायचं काम दादाचं

आधीच सांगते, मला गोल्फ आवडत नाही. शिकत होते तेव्हाही आवडत नव्हता, आताही नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई, अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवणारी. शनिवारची सकाळची शाळा आटोपायची, बडनेऱ्याहून गाडी पकडायची, अकोल्याला उतरून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन बार्शीटाकळीच्या बाजूला जायचं, आणि रविवारी उजाडताच रिकाम्या वावरात उभं राहून लांब काठीनं पांढरा बॉल मारायचा. हे कोणाला सांगू? शाळेत मी अक्षर काढलं नाही. भावाची तब्येत बरी नाही म्हणून गावाला जाते, एवढंच सांगितलं, आणि ते खरंच होतं.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. अठराव्या वर्षी बाबांशी भांडून घरातून निघून गेला तो थेट एका लष्करी छावणीत पोचला. तिथल्या गोल्फच्या मैदानावर त्याला पहिलं काम मिळालं ते बॉल पाहायचं. साहेब लोक इकडून मारायचे आणि हा तिकडे दूर उन्हात उभा राहून कोणाचा बॉल कुठं पडला ते ध्यानात ठेवायचा. पुढे साहेबांच्या पिशव्या उचलल्या, मग गवत राखलं, आणि शेवटची बारा-चौदा वर्षं तो नव्या लोकांना शिकवायचा. तीस वर्षांनी गावी परत आला तेव्हा सोबत वहिनी होती, एका साहेबानं जाताना देऊन टाकलेली जुन्या काठ्यांची पिशवी होती, आणि एक गर्व होता.

"माह्या डोयापुढून एक बॉल हरवला नाई," असं तो कुणालाही सांगायचा. पाव्हण्यांना सांगायचा, कृषी केंद्रवाल्याला सांगायचा, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा. ऐकणाऱ्याला गोल्फ म्हणजे काय तेच माहीत नसायचं. तो बिचारा "हाव का?" म्हणून बुंदी खात राहायचा.

छावणीतून त्यानं आणखी एक गोष्ट आणली होती किंवा खरं तर इथून नेली होती आणि तीस वर्षं सोडली नव्हती. खर्रा, तंबाखू-सुपारीचा. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, आमच्याकडे घरोघरी तेच आहे. दिवाळीच्या आधी त्याच्या गालात आतून फोड झाला, दिवाळी झाल्यावर नागपूरला ऑपरेशन झालं, आणि उजव्या बाजूचा अर्धा जबडा काढून दादा घरी आला. आरशात पाहिलं नाही. बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला. वहिनी मुगाचं पातळ वरण घेऊन उशाशी बसायची, ते निवायचं, ती पुन्हा गरम करून आणायची. बोलायला जमत होतं, डॉक्टर म्हणाले होते की सराव करा म्हणजे शब्द सुटे होतील, पण हा बोलायचाच नाही.

त्याला उठवलं ते माझ्या रागानं. जानेवारीतला रविवार होता. मी ओसरी झाडत होते आणि ती पिशवी दर वेळी पायात यायची. माझं डोकं फिरलं. त्यातली एक काठी उपसली आणि अंगणात आलेल्या डुकरावर उगारली. डुक्कर पळालं, आणि मागून आवाज आला, "असं नाई धरत वं बाई!"

दोन महिन्यांत पहिलं वाक्य. तोंडात कापूस असल्यासारखं, अर्धे शब्द गळालेले, पण वाक्य. मी वळून पाहिलं तर दादा बाजेवर उठून बसला होता आणि रागानं माझ्या हातांकडे बघत होता. वहिनी चुलीपुढून धावत आली. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "ताई, पुन्हा चुकीचं धरा."

मी गोल्फ शिकले तो असा.

सुरुवातीच्या काठ्या आखूड. सात नंबर, नऊ नंबर. त्यांचं टोक लोखंडी आणि तिरपं असतं, वरून खाली मारायचं, बॉल आपोआप उडतो. ते मला चारेक रविवारांत जमलं. माझं बालपण वावरात गेलंय, कुदळ मला नवी नाही. दादा बाजेवरून खुर्चीवर आला, खुर्चीवरून अंगणात, आणि तुरी निघून वावर मोकळं झाल्यावर काठी टेकत विहिरीपर्यंत. वहिनीनं केलेलं वरण संपू लागलं. मला वाटलं, झालं, माणूस वाचला. मी येताना अमरावतीहून पेढेसुद्धा नेले.

मग त्याच्या मानेत गाठ आली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. पुन्हा कापावं लागेल, मग किरणं द्यावी लागतील. लवकर आलात तर आशा आहे, उन्हाळा निघून गेला तर मी काही सांगू शकत नाही. माझ्याशी ते खोटं बोलले नाहीत. दादा मात्र घरी आल्यावर म्हणाला, "एक डाव कापू देल्लं. आता नाई."

मी भांडले. वहिनी रडली. मी पुन्हा भांडले. आमच्या घरात प्रेम आलं की आवाज चढतो. तिसऱ्या दिवशी मी थकून म्हटलं, "दादा, काय केलं म्हणजे येशील तू? सांग. तुझे पाय धरू?"

त्यानं पिशवीकडे पाहिलं. सगळ्यात लांब काठीवर कापडी टोपी होती, ती त्यानं काढली. ती काठी म्हणजे ड्रायव्हर. माझ्या छातीपर्यंत येणारी, टोकाला दोन मुठींएवढा गोळा, पण आतून पोकळ आणि हलका. तोवर मी तिला हात लावला नव्हता.

"हिच्यानं एक बॉल धुऱ्याच्या पल्याड टाक," तो म्हणाला. "फक्त एक. दुसऱ्या दिवशी चालतो नागपूरले."

"आणि नाही पडला तर?"

"तं नाई."

वहिनी दारात उभी होती. ती आत आली, त्याच्यापुढे खाली बसली, त्याचा हात उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "माह्या डोक्यावर हात ठेऊन सांगा."

दादाचा चेहरा उतरला. आमच्याकडे डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर जिच्या डोक्यावर हात ठेवला तिलाच ती बाधते, हे लहान पोरंही मानतात. आणि दादा छावणीत तीस वर्षं राहिला तरी मनानं याच गावचा होता. त्यानं हात काढला नाही. म्हणाला, "पल्याड पडला तं जाईन. तुह्यी शप्पथ."

विहिरीपासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, एकशे चाळीस पावलं, दादानं स्वतः मोजलेली. धुऱ्यावर कडुलिंबाचं झाड, त्याच्या पलीकडे शेजाऱ्याचं वावर. सात नंबरनं माझा बॉल सत्तर पावलं जायचा, फार तर ऐंशी. मी गणिताची बाई आहे. काठी एवढी लांब झाली की बॉल दुप्पट जाईल असा मी हिशेब केला, आणि महिनाभरात होऊन जाईल असं वहिनीला सांगून मोकळी झाले.

पहिल्या दिवशी ड्रायव्हर हवेत फिरला आणि बॉल जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा बॉलच्या डोक्यावर लागला आणि बॉल उंदरासारखा भेगांमधून वीसेक पावलं पळाला. तिसऱ्यांदा मी जमिनीवर मारलं, तेव्हा कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. धुऱ्यावरून शेजारी जात होता, तो थांबला. "काय मास्तरीणबाई, साप मारून राहिल्या का?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आखूड काठीनं शिकलेलं सगळं लांब काठीला उलटं. जवळ उभं राहून चालत नाही, दूर उभं राहायचं. वरून खाली मारायचं नाही, वाटेत बॉल आहे तो नुसता झाडून न्यायचा. बॉल डाव्या टाचेसमोर, आणि जमिनीवर नाही, खुंटीवर. लाकडी खुंट्या कडक मातीत मोडायच्या म्हणून दादानं तुराटीचे बोटभर तुकडे कापले, खिळ्यानं भोक पाडायचं आणि त्यात रोवायचे. मी तण काढायला वाकल्यासारखी उभी राहिले की त्याची काठी माझ्या पाठीवर यायची. "निंदाले नाई आली तू. सरळ उभी राह्य."

पण माझा खरा रोग वेगळाच होता, आणि तो त्यानं तिसऱ्या रविवारी पकडला. बॉलपाशी आलं की माझी मनगटं आपोआप झटका द्यायची, बॉलला वर उचलायला. मी मुद्दाम करत नव्हते. दादानं मला दहा वेळा मारायला लावलं, नुसतं पाहिलं, आणि मग तोंडातून लाळ गळेपर्यंत हसला. "अवं, तू पाखडून राहिली!"

खरं होतं ते. सात वर्षांची असल्यापासून मी सुपानं धान्य पाखडलंय. फोल उडवायला मनगट जसं वर झटकतं तसं झटकत होतं. साहेबांच्या बायकांना शिकवताना त्यानं सतरा तऱ्हेच्या चुका पाहिल्या होत्या म्हणे, ही नव्हती पाहिली. ती मोडायला त्यानं चुलीपुढचा उपाय काढला. "भाकर थापते तसे हात ठेव. दाबशीन तं फाटते, झटकशीन तं हातातून जाते." आणि चालीसाठी एक घमेलं पालथं घातलं. त्याला मोजून दाखवता येत नव्हतं, शब्द फुटत नव्हते, म्हणून तो काठीनं घमेल्यावर ठोका द्यायचा. एक ठोका, काठी वर. मोठा थांबा. दुसरा ठोका, खाली. दोन ठोक्यांमधला तो थांबा मला कधी सहन व्हायचा नाही. मी आधीच मारून बसायची.

आणि एक नियम त्यानं पहिल्या दिवसापासून घालून दिला होता. "मुंडी खाली. मारल्यावर बी खाली. बॉल पाहाचं काम माह्यं."

ते काम तो चोख करायचा. फेब्रुवारी संपता संपता आमच्या काळ्या मातीला भेगा पडतात, मार्चमध्ये त्यात हात जातो, एप्रिलमध्ये कोपर. माझे बॉल त्या भेगांमध्ये गडप व्हायचे. दादा विहिरीजवळच्या खुर्चीवरून उठायचा, सावकाश चालत जायचा आणि काठी टेकवून म्हणायचा, "हे. हातभर खाली." मी वाकड्या तारेनं खरवडून काढायची, आणि बॉल तिथंच असायचा. दर वेळी. पिशवीत पंधरा पांढरे आणि एक नारिंगी बॉल होता, आणि दीड-दोन महिन्यांत सोळाच्या सोळा राहिले.

गाठ वाढत होती. आधी शर्टाच्या कॉलरखाली झाकली जायची, मग कॉलर लागेनाशी झाली. वहिनी बुधवारी फोन करायची. "ताई, या आठोड्यात होईन ना?" मी म्हणायची, होईल. मी अमरावतीत गच्चीवर जाऊन झाडूच्या दांड्यानं सराव करत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईला वाटलं मी कबुतरं हाकलते. हाताला फोड आले, ते फुटले, खडू धरला की चुरचुरायचं. वर्गात पोरींनी विचारलं, बाई, हाताला काय झालं? भांडी घासून, म्हटलं.

जितकी घाई, तितका जोर. जितका जोर, तितका बॉल जवळ. हे मी ऐंशीवरून पन्नासवर येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी जोर कमी करू शकले नाही. बॉल मारायला उभी राहिले की मला बॉल दिसायचाच नाही, दादाची मान दिसायची. एकदा मी तिथंच वावरात बसून रडले. दादा जवळ आला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "कोणाले मारून राहिली तू? बॉलनं तुह्यं काय केलं?"

असा शिकवायचा तो. त्याला जायचं नव्हतं हे मला माहीत होतं. तरी शिकवण्यात त्यानं कधी कसूर केली नाही. उन्हात उभा राहायचा, उभं राहवेना तेव्हा खुर्चीतून घमेलं वाजवायचा, गाठीवरची पट्टी ओली व्हायची, माशा यायच्या, पण ठोका चुकला नाही.

एप्रिलमधला एक रविवार. शेजाऱ्यानं पलीकडच्या वावरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून नेल्या होत्या, त्यामुळे लिंबाच्या मागं सगळं मोकळं आणि काळं दिसत होतं. सूर्य समोरून येत होता. दादाला त्या दिवशी बरं होतं, म्हणजे वेदना कमी होत्या. त्यानं पिशवीतून नारिंगी बॉल काढला. "उन्हात पांढरा दिसत नाई मले," म्हणाला. तुराटीच्या खुंटीवर त्यानं तो स्वतः ठेवला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा राहिला.

आधीचे नऊ बॉल वाया गेले होते. माझ्या अंगात जोर उरला नव्हता. खरंच सांगते, दहाव्या वेळी मी मनातून सोडून दिलं होतं. होत नाही आपल्याच्यानं, असं वाटत होतं, आणि शाळेतले पेपर तपासायचे राहिलेत हे आठवत होतं. ठोका वाजला. काठी वर गेली. मी थांबले. पहिल्यांदाच थांबले. दुसरा ठोका.

हाताला काही लागलंच नाही. आवाज तेवढा आला, सुकी शेंग फुटावी तसा, आणि काठी माझ्या खांद्यावरून मागं जाऊन टेकली. मान मी खालीच ठेवली होती. खुंटीचा तुराटीचा तुकडा जागेवर उभा होता, बॉल नव्हता. मी मनात पाच मोजले आणि मगच वर पाहिलं. समोर ऊन होतं, काही दिसलं नाही.

मी दादाकडे पाहिलं. तो खुर्चीतून उठून उभा होता, डोळ्यांवर आडवा हात धरून. बराच वेळ तसाच होता. मग त्यानं हात खाली घेतला.

"कोठी गेला?" मी ओरडले.

"उजवीकडं," तो म्हणाला. "बोरीपाशी."

बोरीचं झुडूप आमच्याच वावरात, धुऱ्याच्या पन्नास-साठ पावलं अलीकडे. आम्ही दोघं तिथं गेलो. दादा काठी टेकवून म्हणाला नाही, "हे". तो एका भेगेतून दुसऱ्या भेगेकडे जात राहिला. तार घातली, ढवळली. मग गुडघ्यांवर बसला आणि एका भेगेत खांद्यापर्यंत हात घातला. ऊन चढलं. त्याच्या मानेवरची पट्टी घामानं सुटली. मी म्हटलं, "दादा, पलीकडं पाहू का?"

तो मातीवर बसूनच हसला. "तुह्या हातचा बॉल पल्याड जाते काय? भैताड."

आणि मला ते पटलं. वाईट त्याचंच वाटतं. माझ्याच्यानं होणार नाही यावर माझा इतका विश्वास होता की मी साठ पावलं चालून पाहिलंसुद्धा नाही.

"भेगेनं खाल्ला," शेवटी तो म्हणाला. "आता हरवला म्हणजे मारलाच नाई. गोल्फचा कायदा हाय."

माझ्या डोक्यात सणक गेली. दोन महिन्यांचा सगळा राग एकदम वर आला. मी काठी फेकून दिली आणि म्हटलं, "नसेल जायचं तर सरळ सांग ना! माझा जीव कशाला खातोस? मरायचं तर मर एकदाचा, पण मला हे नाचायला लावू नको."

त्यानं हाताची माती झटकली, काठी टेकत उठला, आणि म्हणाला, "चाल. चहा घेऊ."

मी त्यानंतरही तीन रविवार गेले. त्या एकासारखं पुन्हा हाताला जमलं नाही. शेवटच्या रविवारी त्याला विहिरीपर्यंत चालवलं नाही, तो ओसरीवर बसला आणि मी एकटीनं विहिरीपासून मारलं, घमेल्याशिवाय. मे महिन्यात त्याचं बोलणं बंद झालं. पुढचं सगळं अशा आजारात होतं तसंच झालं, नळी, वास, कण्हणं, वहिनीचं रात्रंदिवस कापड बदलणं. मी जायची, पाय दाबायची. मरायचं तर मर म्हटलं होतं त्याची माफी मागायची म्हणून दर वेळी ठरवून जायची आणि दर वेळी दुसरंच काहीतरी बोलून यायची. पुन्हा दिवाळी जवळ आली तेव्हा तो गेला.

तेरवीच्या दिवशी बाया जेवून उठल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "ताई," ती म्हणाली, "एक बॉल नाई मारता आला तुमाले." ती भांडायला आली नव्हती. हिशेबात काय राहिलं ते सांगावं तशी बोलली. तिचं म्हणणं बरोबर होतं.

हे मी पाच-सहा महिने अंगावर वागवलं. फळ्यावर गणित मांडता मांडता मध्येच हात थांबायचा. गच्चीवर गेले की दांडा हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. अमरावतीत एका सहकारी बाईच्या घरी टीव्हीवर गोल्फ लागला होता, मी चहा अर्धा टाकून उठून आले.

यंदाच्या एप्रिलमध्ये वहिनीनं चिंचा फोडायला बोलावलं. काळीपिवळीनं फाट्यावर सोडलं की आमच्या घराकडे जायची पायवाट शेजाऱ्याच्या वावरातून आहे, लिंबाच्या पलीकडच्या. त्यानं या वर्षी ट्रॅक्टर लावून खोल नांगरट केली होती. हातहात मोठी ढेकळं वर आली होती, पायवाट मोडून गेली होती, आणि मी साडी सावरत, त्याच्या नावानं बोटं मोडत ढेकळांवरून चालले होते. एका ढेकळाच्या पोटात काहीतरी नारिंगी दिसलं.

आधी वाटलं प्लास्टिकचं झाकण. वाकून नखानं खरवडलं. बॉल होता. एका बाजूला नांगराचा ओरखडा, बाकी रंग तसाच.

मी तिथून धुऱ्यापर्यंत पावलं मोजली. ढेकळांतून नीट मोजता येत नाही, म्हणून परत जाऊन पुन्हा मोजली. सव्वीस. नांगरानं ढेकूळ हलवलं असेल तर चार-दोन इकडे तिकडे. ते सगळं धुऱ्याच्या पलीकडे.

मी लिंबाखाली बसले. समोर आमचं वावर, विहीर, आणि उजवीकडे ती बोर. एवढीशी बोर. लिंबापासून इतकी दूर की आंधळ्या माणसाचीही गल्लत होऊ नये. आणि तो तिथं गुडघ्यांवर बसला होता, मानेची पट्टी सुटलेली, खांद्यापर्यंत हात भेगेत घालून, बॉल तिथं नाही हे पक्कं माहीत असताना. शपथ मोडता येत नव्हती त्याला. बॉल पडला होता हेच मोडून टाकलं त्यानं.

"लबाडा," मी मोठ्यानं म्हटलं. "मेल्या, लबाडा." आणि मग मला असं रडू आलं की धुऱ्यावरून जाणारी बकऱ्यांवाली म्हातारी थांबली आणि विचारू लागली, कोण गेलं वं बाई? मी तिला हातानंच पुढे जायला सांगितलं.

रडून झाल्यावर मला रागच राहिला नाही हे खोटं होईल. राग होताच. तीस वर्षं साहेबांचे बॉल पाहिलेस, माझा एक पडला तो सांगायचा नव्हता का? एकदा "व्वा" म्हणायचं नव्हतं का? नागपूरला नको जाऊस, पण मला तर सांगायचं. मग वाटलं, मला सांगितलं असतं तर मी तोंड बंद ठेवलं असतं का? त्याच मिनिटाला ओरडत घरी गेले असते. तो मला ओळखून होता.

घरी गेले तेव्हा वहिनी ओसरीवर पोतं अंथरून चिंचा फोडत बसली होती. कोपऱ्यात ती पिशवी तशीच उभी होती, ड्रायव्हरवर टोपी घातलेली. माझ्या मुठीत काय आहे ते तिनं पाहिलं. तिनं हात पुढे केला, मी बॉल तिच्या हातावर ठेवला.

तिनं तो फिरवून पाहिला. "हा नारिंगी. यायनं लय शोधला व्हता." मग वर पाहून विचारलं, "कोठी सापडला?"

तिच्या केसांत चिंचेची धूळ होती. दादाचा हात जिथं ठेवला होता तिथं.

"बोरीपाशी," मी म्हटलं. "भेगेतून वर आला."

"अलीकडंच म्हणजे."

"हाव. अलीकडंच."

तिनं मान हलवली. बॉल पदराला पुसला, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि पिशवीच्या कप्प्यात टाकला.

"डोये गेले व्हते त्यायचे शेवटी," ती म्हणाली. "नाई तं त्यायच्या डोयापुढून बॉल हरवला नसता."

मी तिच्यासमोर बसले आणि चिंचा फोडायला घेतल्या.